कोपरातलं विरजण

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनो, पुढे सरका, पंख्याच्या वाऱ्यात आवाज पोचत नाही. देवाला हात जोडले असतील तर आता पाय मोकळे सोडा, कारण गोष्ट सांगायची आहे आणि ती मध्येच सोडायची नाही. काळ थोडा पुढचा आहे, आपली नातवंडं संसाराला लागतील तेव्हाचा. ऊन तेव्हा आजच्यापेक्षा जास्त आहे आणि यंत्रंही जास्त आहेत. माणसं मात्र तुमच्याआमच्याच घरातली वाटतील. दोन जावा, एक लेकरू, एक सासू, आणि डोळ्यांना न दिसणारे काही जीव.

तापीकाठचं, केळीच्या बागांनी वेढलेलं एक मोठं गाव. तिथे उन्हाळा माघातच दार ढकलून आत येई. सकाळी अकराला भोंगा वाजला की दुकानांच्या फळ्या पडत, रस्ते ओस पडत, आणि पाचला दुसरा भोंगा होईपर्यंत कुणी बाहेर दिसलं तर पोलीस आधी पाणी पाजत आणि मग दंड करत. अशा गावात कल्याणी भंगाळे कीर्तन करायची. विद्या वडिलांकडून आली होती. हातात चिपळ्या घेऊन ती उभी राहिली की पेटीवाल्याला सूर विचारावा लागत नसे.

वडिलांकडून तिला आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे इसब. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे, मानेभोवती. थंडीत ते निजलेलं असे. ऊन चढलं, घाम आला, की जागं होई. आधी नुसती चुळबुळ. मग कातड्याखालून कुणी बारीक सुई फिरवतंय असं वाटे. खाजवलं की क्षणभर स्वर्ग, आणि पुढच्या क्षणी आग. रात्री ती पलंगावरून फरशीवर यायची, फरशीवरून गच्चीवर, आणि गच्चीवरून परत पलंगावर.

मागच्या रामनवमीला घोटाळा झाला. पूर्वरंग संपला, रिवाजाप्रमाणे बुक्का लागला, गळ्यात झेंडूचा हार पडला. उत्तररंगाला सुरुवात केली आणि मान पेटली. तिने एकदा खाजवलं, दोनदा खाजवलं, मग हात थांबेचना. पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर लाल उमटलं. ती चिपळ्या खाली ठेवून निघून गेली. रामाचा जन्म त्या वर्षी मंदिरात कुणीतरी नुसता वाचून दाखवला. देवाची गोष्ट अर्धी टाकून हरिदास उठला, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. कुणी तिला बोललं नाही, पण ती सल वर्षभर गेली नाही. यंदाचं आमंत्रण आलं तेव्हा तिने हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात जळगावला डॉक्टर मृणाल झोपे यांच्याकडे गेली.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्यातल्या होत्या. "आपलं कातडं म्हणजे भिंत समजा," त्या म्हणाल्या. "पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. तुमच्या भिंतीत चुना कमी आहे. आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं मीठ, धूळ, घाम आत शिरतो. मग तिथे वाईट जंतू वस्ती करतात आणि भिंत आणखी पोखरतात. निरोगी माणसाच्या कातड्यावर चांगले जंतूही राहतात. ते या वाईटांना पाय रोवू देत नाहीत. आम्ही त्या चांगल्यांना थोडं शिकवलंय. घाम आला, ऊब वाढली, की ते चुना बनवायला लागतात."

"म्हणजे मलम आहे?"

"आधी बाटलीतूनच देत होतो. पण परक्या कातड्यावर ते चार दिवसांत मरायचे. प्रत्येकाच्या अंगाची माती निराळी असते. मग लक्षात आलं की एका घरातल्या माणसांची माती पुष्कळ सारखी असते. म्हणून आता घरातल्याच कुणाचे तरी जंतू घेतो, शिकवतो, परत त्याच्याच हातावर वाढवतो. तिथून ते तुमच्याकडे यायचे. रोज हाताला हात लावून. उन्हाळ्यात तुमच्याकडचे विरळ होत जातात, तेव्हा रोज नवे हवेत."

"विरजणासारखं," कल्याणी म्हणाली.

"आमच्याकडे सगळे पेशंट हेच म्हणतात. मोठं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही."

घरातल्या सगळ्यांच्या हातांवरून कापसाचे बोळे फिरले. नवरा पराग, सासू कोकिळाबाई, धाकटा दीर, धाकटी जाऊ ऋतुजा. निकाल ऐकायला पराग बरोबर आला होता.

"फार छान जुळणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ऋतुजा भंगाळे."

पराग म्हणाला, "माझ्याशी नाही?"

"तुमच्याशी सर्वांत कमी. तुम्ही घरात पीठ मळता का?"

परागने पंख्याकडे पाहिलं.

"हे रक्तावर जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच परातीत वर्षानुवर्षं हात घातले, एकाच ओट्यावर भांडी घासली, की ते हात एकमेकांसारखे होतात. फक्त एक आहे. ही जुळणी उतरणीला लागलेली दिसते. तुमची स्वयंपाकघरं वेगळी झाली का अलीकडे?"

उत्तर परागने दिलं, "हो."

स्वयंपाकघर का वेगळं झालं, ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी ऋतुजाच्या लेकाचं बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं. पाळण्यावरून, पाळण्याखालून बाळ द्यायचं-घ्यायचं म्हणून कल्याणी पदर खोचून पुढे झाली, हात पसरले. त्या हातांवर इसब उमललेलं होतं. ऋतुजा बाजेवरून म्हणाली, "ताई, तुम्ही नका. तुमच्या हाताला ते आहे ना. आत्याबाई घेतील."

ते. एवढाच शब्द. सगळ्या बायकांची नजर त्या हातांवर आली. कल्याणीने हात पदराखाली घेतले आणि पेढे वाटायला निघून गेली. त्याच महिन्यात तिने वरच्या मजल्यावर शेगडी मांडली. बाळाला सगळे चिकू म्हणत. चिकू रांगला, उभा राहिला, जिना चढायला शिकला, पण मोठ्या काकूने त्याला कधी उचललं नाही.

आता त्याच बाईकडे हात मागायचा होता.

ती खाली गेली तेव्हा ऋतुजा उडदाच्या पापडांच्या लाट्या करत होती. कल्याणीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं, श्वास न घेता. ऋतुजा ऐकत राहिली. मग तिने हाताचं तेल फडक्याला पुसलं.

"कधीपासून द्यायचा हात?"

कल्याणीने नकाराची तयारी केली होती. नकाराला द्यायची उत्तरं तिने रात्रभर घासूनपुसून ठेवली होती. ती सगळी तिच्याकडेच राहिली आणि टोचत राहिली.

फाल्गुन लागला. संध्याकाळचा भोंगा झाला की दोघी जिन्याच्या मधल्या वळणावर बसायच्या. कोपर कोपराला लावून, मनगट मनगटावर ठेवून. एक भजन मनात म्हणून होईपर्यंत बसायचं, असं कल्याणीने ठरवलं होतं. ती पुटपुटायची, ऋतुजा भिंतीवरच्या पालीकडे बघायची. बोलणं नाही. खालून कोकिळाबाई ओरडत, "लगन लागलं का व तुमचं? भाजी करपून राह्यली."

आणि गुण आला. होळीपर्यंत कल्याणीची कोपरं सुकली, मग मऊ झाली. तिच्या आठवणीतला हा पहिला उन्हाळा, की ती अंग न चोरता झोपली. दिवसातून दहादा ती बाही वर करून बघे. गावात इतरांकडेही ही विरजणं आली होती आणि त्यांची मजा चालली होती. पलीकडच्या गल्लीत एकाला मेव्हण्याचं विरजण लागलं होतं; तो मेव्हण्याला सकाळ-संध्याकाळ गाडीवरून फिरवायचा, कारण मेव्हणा रुसला की याची पाठ फुलायची. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत उंची, शिक्षण आणि त्यानंतर 'घरात विरजण उपलब्ध' असंही लोक लिहायला लागले होते.

पण अंग शांत झालं तशी कल्याणीच्या मनाची खाज वाढली. रोज तिचा हात हातात आहे, आणि ही एक शब्द बोलत नाही. बारशाचं हिला आठवत तरी असेल का? की ही उपकार करते आहे, आणि एक दिवस चारचौघींत सांगेल? कल्याणी कीर्तनात क्षमेवर तास-तास बोलायची. जिन्याच्या वळणावर मात्र भजन संपलं की लगेच हात काढून घ्यायची.

पाडवा आला. आठ दिवसांवर रामनवमी.

पाडव्याच्या पहाटे कोकिळाबाईंनी नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात कडुलिंबाचा पाला उकळला. विरजण घेणारीला आणि देणारीला कडुलिंब, हळद, जंतुनाशक साबण सगळं बंद होतं. दोघींनी साध्या पाण्याने अंघोळ केली. चिकूचं मात्र अंग आठवडाभर लाल दिसत होतं, मानेला आणि कोपरांना पुरळ होतं, तो किरकिर करत होता. सासूबाई म्हणाल्या, घामोळं आहे, लिंबाच्या पाण्यात बसव त्याले, उतरून जाईल. ऋतुजाने टबात पाणी घातलं आणि लेकराला बसवलं. पोर पाण्यात रमलं. आईने कोपरांपर्यंत हात बुडवून त्याला खूप वेळ चोळलं.

संध्याकाळी वळणावर बसल्या-बसल्या कल्याणीला वास आला.

"कडुलिंब?"

"चिकूला घातलं होतं अंघोळीला."

"आणि तुझे हात?"

ऋतुजाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एखादं भांडं हातून सुटावं आणि ते पडतंय हे दिसावं, तसा तिचा चेहरा झाला.

"ताई, मला खरंच..."

"मुद्दाम केलंस."

ऋतुजा उठून खाली गेली. कोकिळाबाई जिन्याखाली उभ्या होत्या. "मले काय माहीत, व माय? पाडव्याले लिंब टाकत नाही असं घर कोनतं? मीच सांगलं तिले. मले बोल."

कल्याणी कुणालाच बोलली नाही. त्या रात्रीपासून ती परत पलंगावरून फरशीवर आणि फरशीवरून गच्चीवर जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी कोपरं फुलली.

सकाळच्या पहिल्या बसने कल्याणी जळगावला निघाली. ऋतुजाही आली, चिकूला घेऊन, न सांगता. डॉक्टरांनी तिच्या हातांवर यंत्र फिरवलं आणि मान हलवली. काही उरलं नव्हतं. मग कल्याणीची कोपरं पाहिली, मान पाहिली. शेवटी तिला पाठमोरी करून खांदे पाहिले.

"इथे अजून आहेत. उजव्या खांद्यावर चांगले दाट आहेत. इथलं कातडं धड आहे म्हणून टिकलेत." मग त्यांचं लक्ष ऋतुजाच्या कडेवर गेलं. त्यांनी चिकूचा हात हलकेच उलगडला. "हे काय झालंय याला?"

"घामोळं आहे ना," ऋतुजा म्हणाली.

"घामोळं नाही. इसब आहे."

ऋतुजाने लेकराला छातीशी घट्ट धरलं. ती कल्याणीकडे बघू शकली नाही.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "याला हेच विरजण लागू होईल. तुमचंच आहे ते, आणि पोर तुमच्याच अंगावर वाढलंय. फक्त आता ते तुमच्यापाशी नाही, यांच्या खांद्यावर आहे. यांनी रोज त्याला तिथे धरायचं. त्याला लागलं की तुम्हालाही लागेल, आणि मग यांना परत मिळेल. पण वेळ लागेल."

"नवमीला दुपारी माझं कीर्तन आहे," कल्याणी म्हणाली.

डॉक्टरांनी खणातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. "गोळ्या आहेत. आज सुरू केल्या तर नवमीपर्यंत मान, कोपरं सगळं शांत होईल. मात्र त्या वाईटाबरोबर चांगल्यांनाही मारतात. खांद्यावरचं जाईल."

"पुन्हा वाढवता येईल?"

"प्रयत्न करू. पुन्हा जुळणी बघायची, पुन्हा वाढवायचं, पावसाळा उजाडेल. आणि तुमची जुळणी उतरते आहे. होईलच असं मी खोटं सांगणार नाही. गोळ्या घेतल्यात तर त्यात चूक काही नाही. औषध आहे ते. तुमचं अंग आहे, तुम्ही ठरवा."

कल्याणीने गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली.

परतीच्या बसमध्ये झळा येत होत्या. भोंगा व्हायच्या आत गाव गाठायचं म्हणून चालक गाडी दामटत होता. कल्याणीचं पिशवीवरचं बोट पट्टीच्या कडेवरून फिरत होतं. एक गोळी आत्ता घेतली तर रात्री डोळा लागेल. मागच्या वर्षीचा तो अर्धा उत्तररंग, ती खाली ठेवलेली चिपळ्यांची जोडी, लोकांची ती दयेची नजर. यंदा पुन्हा तेच झालं तर तिसऱ्यांदा कुणी बोलावणार नाही, आणि बोलावलं तरी ती जाणार नाही.

शेजारी चिकू खाजवत होता. हनुवटी छातीला टेकवून, मनगटाच्या हाडाने, डोळे अर्धे मिटून. नखं कापलेली असली की पोरं अशीच खाजवतात. कल्याणीने ते पाहिलं आणि तिला आरशात पाहिल्यासारखं झालं. हे कुणी शिकवत नाही. पुढे शाळेत याच्या शेजारी कुणी बसणार नाही, आणि एखाद्या घरी एखादी बाई म्हणेल, तू नको, तुझ्या हाताला ते आहे ना.

तिने उजव्या खांद्यावरचा पदर आणि ब्लाउजची कड बाजूला केली.

"दे त्याला इकडे."

"ताई, गोळ्या घ्या तुम्ही," ऋतुजा म्हणाली. "तुमचं कीर्तन आहे. आमचं बघू काहीतरी."

"दे म्हणते ना."

पोर आधी आखडलं. मग बसच्या हिंदकळ्यांत त्याचा गाल कल्याणीच्या खांद्यावर टेकला, आणि गरम, ओलसर, जड होऊन तिथेच राहिला. कल्याणीने त्याचं कोपर आपल्या खांद्यामागे वळवून घेतलं.

बराच रस्ता गेल्यावर ऋतुजा म्हणाली, "मी तेव्हा भीतीने बोलले. नंतर लाजेने गप्प बसले."

"खिडकी लाव," कल्याणी म्हणाली. "त्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय."

पट्टी तशीच राहिली. पुढचे दिवस कसे गेले ते ज्याला इसब आहे त्यालाच कळेल. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, टिपून घेतलं की लगेच साधं व्हॅसलीन, कोपरांवर ओल्या सुती कापडाची घडी, मलमलीचा सैल झगा, वाळ्याचा पडदा. एवढं सगळं करून आग एक पाऊल मागे सरायची आणि दुसऱ्या दाराने आत यायची. कल्याणी घरभर फिरत पाठ म्हणायची, चिकू खांद्यावर. कधी तो हसायचा, कधी दोघं मिळून खाजवायचे, आणि ऋतुजा दोघांचे हात धरायला धावायची. वरची शेगडी पेटेनाशी झाली. कल्याणीला पीठ मळवत नव्हतं, म्हणून दोघींपुरतं ऋतुजाच मळायची. उतरलेली जुळणी त्याने चढते की नाही, ते देव जाणे. भाकऱ्या मात्र टम्म फुगायच्या.

नवमी उजाडली. दुपारच्या कीर्तनासाठी मंदिराला खास परवानगी होती, दारात पाण्याचा टँकर आणि रुग्णवाहिका उभी. गाभाऱ्याबाहेर वाळ्याचे पडदे भिजवलेले. तरी आत दुधावर साय धरावी तसा उकाडा धरला होता.

कल्याणी उभी राहिली. पूर्वरंग निभावला. पुजारीबुवा हार घेऊन आले तेव्हा तिने तो पेटीला घालायला लावला, बुक्का देवालाच राहू दिला. उत्तररंग सुरू झाला आणि जिथे मागच्या वर्षी पेटली होती तिथेच मान पेटली. आधी सुई, मग निखारा. चिपळ्यांचा ठेका चुकला. पखवाजवाल्याने वर पाहिलं. पुढे बसलेल्या बायकांनी मान खाली घातली, तिला त्रास नको म्हणून.

कल्याणी थांबली. तिने सगळ्यांसमोर, सावकाश, मान खाजवली.

"माउली, मला इसब आहे," ती म्हणाली. "मधूनमधून मी खाजवीन. गोष्ट थांबणार नाही."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "चालू दे व बाई. आम्हीबी घामानं अर्ध्या झालो." लोक हसले. पखवाजावर थाप पडली.

अयोध्या आली, यज्ञ आला, पायसाच्या वाट्या आल्या. तिने खाजवलं, गायली, पुन्हा खाजवलं, पुन्हा गायली. सूर काही ठिकाणी फाटला, तिने तो फाटू दिला. सूर्य माथ्यावर आला. घंटा वाजली, शंख फुंकला गेला, आणि सगळं मंदिर हात वर करून उभं राहिलं. त्या हातांत गुलाल होता.

जन्माच्या क्षणी गुलाल उधळायचा, हा रिवाज. उघड्या मानेवर, ओल्या कोपरांवर तो पडला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. कल्याणीला तो येताना दिसत होता, पण ओवी अर्ध्यात होती, दोन्ही हात चिपळ्यांत होते. तिने डोळे मिटले.

अंगावर काही पडलं नाही. बायकांच्या बाजूने ऋतुजा चौथऱ्यावर चढून आली होती. तिने आपला मोतिया रंगाचा पदर दोन्ही हातांनी पसरून जावेच्या डोक्या-मानेवर धरला होता. गुलाल तिच्या केसांवर, पापण्यांवर, उघड्या दंडांवर पडत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत लालेलाल झालेली ती बाई खोकत होती आणि पदर खाली येऊ देत नव्हती. त्या पदराखालच्या गुलाबी उजेडात कल्याणीने ओवी पुरी केली, रामाला जन्म दिला, आणि गोष्ट संपवली.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चिकूची कोपरं मऊ झाली. ऋतुजाचे हात त्याच्यानंतर, कल्याणीची मान सगळ्यांत शेवटी, पाऊस तोंडावर आला तेव्हा.

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, निजताना देवाचं नाव घ्याल. तेव्हा कल्याणीची आठवण काढली नाहीत तरी चालेल, तिच्यासाठी मंदिर भरतं. आठवण ठेवा त्या ऋतुजाची. जिच्या तोंडून एकदा लागेलसं निघून गेलं, आणि परत कसं घ्यावं ते जिला कितीतरी दिवस सुचलं नाही, अशा त्या बाईचं नाव एकदा देवाच्या कानावर घाला.